ॲना सरोवर

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील गोड्या पाण्याचा कृत्रिम जलाशय आणि गळाने मासे धरणाऱ्यांचे आवडते मत्स्यक्षेत्र. क्षेत्रफळ सु. ५,२६० हेक्टर, लांबी सु. २७ किमी., किनाऱ्याची एकूण लांबी सु. ३२० किमी., भरलेल्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सु. ७६ मी. वॉशिंग्टन शहराच्या दक्षिणेस सु. ११५ किमी.वर, लुईझा, स्पॉटसिल्व्हेनिया आणि ऑरेंज या तीन काउंट्यांच्या हद्दींवर ते पसरले आहे. येथे अडवलेली नॉर्थ ॲना नदी पुढे साउथ ॲनाला मिळून पामंकी होते आणि यॉर्क नदीच्या वाटेने चेसापीक उपसागराला जाते. धरण बांधले ते सिंचनासाठी वा नळपाण्यासाठी नव्हे. अणुवीज केंद्र थंड ठेवण्यासाठी. वीज कंपनीने १९६८ मध्ये तिन्ही काउंट्यांतील सु. ७,३०० हेक्टर शेतजमीन विकत घेतली आणि बुडीत क्षेत्रातली झाडे तोडून घेतली. जलाशय भरायला तीन वर्षे लागतील असा अंदाज होता. पण जून १९७२ मध्ये ॲग्नेस चक्रीवादळाने पाण्याचा असा लोट आणला की दीड वर्षातच तो काठोकाठ झाला.

केंद्राच्या दोन अणुभट्ट्या अनुक्रमे १९७८ आणि १९८० मध्ये सुरू झाल्या. दोन्ही मिळून सु. १,९०० मेगॅवॉट वीज देतात आणि ती देताना तिच्या दुपटीहून अधिक, सु. ४,००० मेगॅवॉट, उष्णता पाण्यात सोडतात. पंप पुऱ्या क्षमतेने चालू असले की दर सेकंदाला सु. १२० घनमीटर पाणी मुख्य जलाशयातून उचलले जाते आणि वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरच्या नळ्यांतून बाहेर पडताना ते सु. ८ अंश सेल्सिअसने तापलेले असते. या वेगाने सगळ्या सरोवराचे पाणी साधारण पाच आठवड्यांत एकदा केंद्रातून फिरून येईल. नदीचा स्वतःचा प्रवाह याच्यापुढे अगदी किरकोळ. तापलेले पाणी थेट मुख्य जलाशयात येत नाही. बांध घालून वेगळ्या केलेल्या सु. १,३७५ हेक्टरांच्या तीन खाजणांतून ते एकामागून एक फिरते, वाटेत बरीचशी उष्णता हवेला देते आणि तिसऱ्या बांधाखालून, धरणाजवळ, मुख्य जलाशयात उतरते. तेथून ते हळूहळू पुन्हा केंद्राच्या तोंडाशी येते. स्थानिक बोलीत या दोन भागांना ‘गरम बाजू’ आणि ‘थंड बाजू’ म्हणतात. गरम बाजूला सार्वजनिक धक्का नाही. तेथे काठावरच्या घरमालकांचाच वावर असतो. सु. ३,८८५ हेक्टरांची थंड बाजू सर्वांना खुली आहे.

या रचनेमुळे ॲना सरोवराविषयी दोन परस्परविरोधी समजुती रूढ झाल्या आहेत. गळ टाकणाऱ्यांच्या मते ऊन पाण्यावर मासा पोसतो आणि वर्षभर वाढतो. केंद्राच्या विरोधकांच्या मते तेच पाणी माशांचा जीव घेते. दोन्ही समजुतींना आधार आहेत, पण माशांच्या एकूण संख्येला थेट उष्णतेशी जोडण्यात दोन्हींची चूक होते. येथील माहिती एकत्र ठेवली तर वेगळे चित्र दिसते : मासे कोठे आणि केव्हा सापडतील हे मुख्यतः उष्णता ठरवते, ते किती असतील हे ठरते खाद्य, ऑक्सिजन आणि माणसाने सोडलेले बीज यांवर. हा भेद ध्यानात घेतला नाही तर चांगल्या शिकारीचे श्रेय आणि वाईट हंगामाचा दोष, दोन्ही भलत्याच्याच पदरात पडतात.

जागा आणि वेळ यांवरचा परिणाम हिवाळ्यात उघड दिसतो. आसपासच्या तळ्यांतले मासे थंडीने सुस्तावतात, तेव्हा तिसऱ्या बांधाच्या परिसरात पाणी काही अंशांनी ऊन असते. शॅड हे पाला आणि तारली यांच्या गोतावळ्यातले छोटे, चंदेरी मासे तेथे थवे करून राहतात. पट्टेरी बास, म्हणजे स्ट्राइप्ड बास, त्यांना खालून वर रेटतो आणि पृष्ठभागावर उसळी उठताच कुरव पक्षी वरून झेपावतात. येथले नावाडी हिवाळ्यात मासे शोधणाऱ्या यंत्रापेक्षा कुरवांवर अधिक नजर ठेवतात, ती याचमुळे. गरम बाजूला लार्जमाउथ बासची वीणही मुख्य जलाशयाच्या आधी होते. पण हाच परिसर ऑगस्टमध्ये पाहावा : केंद्राजवळच्या खाजणात पाणी ३५ अंशांपलीकडे जाते आणि मोठे मासे तेथून काढता पाय घेतात. जानेवारीत भरलेली जागा ऑगस्टमध्ये ओस पडते, म्हणून सरोवरातला मासा वाढला वा घटला असे होत नाही. त्याने फक्त मुक्काम हलवलेला असतो.

संख्येचा हिशेब वेगळ्या दिशेने लागतो. उष्णतेनेच मासे वाढत असते तर ते विसर्गाजवळच्या खालच्या भागात सर्वाधिक असायला हवे होते. प्रत्यक्षात सरोवराची सुपीकता वरून खाली कमी होत जाते. नॉर्थ ॲना आणि पामंकी क्रीक (खालची पामंकी नदी नव्हे) यांच्या वरच्या फाट्यांत शेते आणि वस्त्यांवरून आलेली पोषकद्रव्ये उतरतात. पाणी गढूळ आणि प्लवंगांनी समृद्ध असते. धरणाकडे येता येता गाळ बसतो, पाणी निवळते आणि प्लवंग विरळ होतात. प्लवंगांवर शॅड, शॅडवर बास आणि क्रॅपी, अशी ही साखळी असल्याने वरच्या फाट्यांची ताकद केंद्रामुळे आलेली नाही. ते फाटे तर फिरत्या ऊन पाण्याच्या वाटेवरही नाहीत. लार्जमाउथ बास, काळा क्रॅपी, ब्लूगिल आणि शिंगाळ्याच्या जातकुळीतला चॅनेल कॅटफिश हे येथे स्वतः वीण करून टिकलेले मासे. खाद्य आणि आडोसा मिळाला की त्यांना केंद्राच्या उबेची गरज नाही.

यावर एक रास्त आक्षेप येतो. थ्रेडफिन शॅड हा दक्षिणेकडचा, थंडीला नाजूक मासा. पाण्याचे तापमान ५ अंशांच्या आसपास उतरले की तो मोठ्या संख्येने मरतो. व्हर्जिनियाच्या कडक हिवाळ्यात त्याला खात्रीचा आसरा मिळतो तो ऊन पाण्यातच. मग उष्णता संख्याही ठरवते, असे का म्हणू नये? हे मान्य करावे लागते, पण त्यातून मूळ विधान मोडत नाही, नेमके होते. येथे उष्णता शिकारी माशाला वाढवत नाही. त्याचे भक्ष्य हिवाळ्यातून पार पाडते. लाभ पोहोचतो तो खाद्याच्या हातून. शिवाय थंडी सोसणारा गिझर्ड शॅड आणि ब्लूबॅक हेरिंगही येथे आहेत, म्हणजे शिकारी माशांची सारी भिस्त एकाच भक्ष्यावर नाही. जो मासा केवळ केंद्राच्या मेहेरबानीवर जगतो, त्याची बाजू केंद्र बंद पडताच उघडी पडते, ही गोष्ट मात्र विसरता येत नाही.

पट्टेरी बासच्या बाबतीत तर संख्या सरळ माणूस ठरवतो. समुद्रातून नदीत चढून वीण करणाऱ्या या माशाची अंडी वाहत्या पाण्यात तरंगत राहावी लागतात; उबायला त्यांना सु. दोन दिवस लागतात आणि तोवर ती तळाला बसली तर गुदमरतात. सरोवरावरच्या नदीत एवढा लांब, वाहता पल्ला नाही. म्हणून राज्याचे वन्यजीव खाते बोटुकली सोडते. ती सोडणे थांबले तर काही वर्षांत हा मासा येथून संपेल. वाढलेल्या पट्टेरी बासची दुसरी अडचण उन्हाळ्यात येते. ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेतील चार्ल्स कूटंट यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार त्याला वरचे पाणी फार ऊन आणि खालचे गार पाणी ऑक्सिजनअभावी निरुपयोगी, अशा कात्रीत राहावे लागते. मधला राहण्याजोगा थर चिंचोळा होत जातो आणि मासा खंगतो. ॲना सरोवरात ही कात्री जाणवते, म्हणूनच येथील पट्टेरी बास फार थोराड होत नाहीत. केंद्र वरचा थर आणखी तापवते, तेव्हा त्याचा वाटा नाकारता येणार नाही. पण कूटंट यांनी अभ्यासलेल्या टेनेसीतील चेरोकी या जलविद्युत जलाशयातही हीच कात्री होती. दक्षिणेकडच्या खोल जलाशयांचा हा उन्हाळी स्वभाव आहे. केंद्र त्यात भर घालते. संकरित पट्टेरी बास ऊन पाणी अधिक सोसतो, म्हणून अलीकडे त्याची बोटुकलीही येथे सोडली जाते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : केंद्रांच्या तलावांत मासे घाऊक मेल्याची उदाहरणे आहेतच. इलिनॉय राज्यातील न्यूटन तलावात १९९९ च्या उन्हाळ्यात असे घडले. न्यू जर्सीतील ऑयस्टर क्रीक केंद्र जानेवारी १९७२ मध्ये एकाएकी थांबले, तेव्हा ऊन पाण्याला सरावलेले मेनहेडन मासे गारठून मेले. ही उदाहरणे ॲना सरोवराला लागू करण्याआधी प्रमाण पाहिले पाहिजे. न्यूटन तलाव सु. ७०० हेक्टरांचा आहे. येथे ४,००० मेगॅवॉट उष्णता ५,२६० हेक्टरांच्या सरोवरात सोडली जाते, म्हणजे सरासरी हेक्टरी पाऊण मेगॅवॉट, आणि माशाला पळून जायला न तापणारे फाटे उरतात. अचानक बंदीचा धोका दोन भट्ट्यांमुळे कमी होतो, कारण दोन्ही सहसा एकदम थांबत नाहीत. सहसा, पण कधीच नाही असे नव्हे : २३ ऑगस्ट २०११ रोजी जवळच्या मिनरल गावानजीक ५.८ प्रतीचा भूकंप झाला आणि दोन्ही भट्ट्या एकाच वेळी बंद पडून नोव्हेंबरपर्यंत थंड राहिल्या. महिना ऑगस्ट होता, म्हणून उबेला सरावलेल्या माशांवर गारठ्याचा घाला आला नाही. तोच धक्का जानेवारीत बसता तर थ्रेडफिन शॅडची परीक्षा झाली असती.

सरोवराची बाकीची दुखणी पाहिली तर बरीचशी केंद्राच्या उष्णतेपासून दूर उगम पावतात. मिनरलजवळच्या जुन्या पायराइट खाणींचे आम्लयुक्त पाणी काँट्ररी क्रीकमधून येते. २०१८ पासून आरोग्य खाते ज्या नील-हरित शैवालाबद्दल पोहणाऱ्यांना वारंवार इशारे देत आले, ते प्रामुख्याने वरच्या, सुपीक फाट्यांत फोफावते. काही मासे बेताने खावेत असा शासकीय सल्ला आहे. त्याचे कारण पीसीबी ही औद्योगिक रसायने. अणुभट्टीतून फिरणारे पाणी वेगळ्या बंद चक्रात असते. हायड्रिला या पाणवनस्पतीने ठाण मांडले, तेव्हा १९९४ मध्ये गरम बाजूला प्रजननक्षम नसलेले गवत्या मासे सोडण्यात आले. ती वनस्पती हटली आणि तिच्याबरोबर लहान माशांचा आडोसाही कमी झाला. मत्स्यसंख्येवर माणसाचा हात कसा दुहेरी चालतो, याचे हे नेमके उदाहरण.

उष्णतेला निर्दोष ठरवण्याचा मात्र हा आधार होऊ शकत नाही. केंद्राच्या परवान्यात दर तासाला किती उष्णता सोडावी याची मर्यादा आहे. माशाला मात्र सोसावे लागते ते तापमान, आणि तेवढीच उष्णता कोरड्या, निवांत ऑगस्टमध्ये वेगळी ठरते. खाजणांना प्रक्रियेची जागा मानायचे की सार्वजनिक जल, हा वाद म्हणूनच न्यायालयापर्यंत गेला. सरोवराच्या सोसण्याला सीमा आहे, हे कंपनीच्या निर्णयातूनही दिसते : प्रस्तावित तिसऱ्या भट्टीसाठी आधी सरोवराचेच पाणी वापरायचे ठरले होते, तापमानाविषयी चिंता व्यक्त झाल्यावर २००६ मध्ये तो बेत बदलून शीतन मनोऱ्यांचा पर्याय स्वीकारला गेला. त्या भट्टीला २०१७ मध्ये परवाना मिळाला, पण ती बांधली गेलेली नाही. जुन्या दोन भट्ट्यांची मुदत २०२४ मध्ये अनुक्रमे २०५८ आणि २०६० पर्यंत वाढवण्यात आली. उन्हाळे तापत गेले तर पट्टेरी बासचा मधला थर आधी आक्रसेल. लार्जमाउथ बास आणि कॅटफिश त्यानंतरही तग धरतील. म्हणून या सरोवराचे आरोग्य हिवाळ्यातल्या भरघोस शिकारीवरून जोखण्यात अर्थ नाही. ऑगस्टच्या अखेरीस, किती मीटर खोलीवर, किती अंशांत, किती ऑक्सिजन उरला, हीच त्याची खरी मोजणी.