पाकळीचा ल, दंडाचा ल

उदगीरच्या नावात ल नाही आणि शही नाही. त्यामुळे पाटीवर नुसते ‘उदगीर’ लिहायचे तर कुठलाही फॉन्ट चालून जातो. खाली ‘जि. लातूर’ आले की मात्र फॉन्टचे कूळ उघडे पडते. एकातला ल दोन पाकळ्यांचा असतो, दुसऱ्यातल्या ल च्या उजवीकडे उभा दंड असतो. श चीही अशीच दोन रूपे आहेत, त्यांतले मराठी रूप देठाचे. ‘निलंगा’, ‘शिरूर अनंतपाळ’, लग्नपत्रिकेतले ‘शुभविवाह’, सगळीकडे हीच गत. डीटीपीच्या दुकानात गिऱ्हाईक अक्षर जाड हवे की बारीक एवढेच सांगते. ल कोणता हवा, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

या दोन रूपांची घराणी वेगळी आहेत. जुने छापखानेवाले ‘मुंबई टाइप’ आणि ‘कलकत्ता टाइप’ असा फरक करत. गंमत अशी की मराठीचे सुरुवातीचे काही खिळे बंगालचे. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूरला छापले गेले ते देवनागरीत. तिथल्या देवनागरी खिळ्यांचे मूळ ठसे पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराने कोरले होते. पाच वर्षांनी कॅरीचाच मराठी कोश निघाला, तो मात्र मोडीत.

मुंबईचे वळण घडले अमेरिकन मिशनच्या छापखान्यात आणि त्यानंतर जावजी दादाजींच्या हाती. जावजी (१८३९–१८९२) मिशनच्या टाइप फाउंड्रीत टॉमस ग्रॅहमच्या हाताखाली शिकले. पुढे त्यांनी स्वतःची फाउंड्री काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्यांचे ठसे कोरणारे राणोजी रावजी आरू. पेढीचे नाव राहते आणि कोरणारा तळटीपेत जातो, असा आपला रिवाज. माझ्या मते निर्णयसागरी अक्षराच्या श्रेयात आरूंचा वाटा जावजींइतकाच धरायला हवा. संस्कृत ग्रंथांच्या निमित्ताने हे अक्षर महाराष्ट्राबाहेरही लांबवर गेले. बालबोध हातवळणातला पाकळीचा ल आणि देठाचा श त्यात शिशात उतरला होता.

मुंबईत हे घडत होते तेव्हा उदगीर निजामाच्या राज्यात, बिदर जिल्ह्यात होते. सरकारी कारभार १८८४ पासून उर्दूत. उर्दूचे नस्तालिक अक्षर उतरत्या रेघेत चालते. त्याचे खिळे पाडणे फार अवघड, म्हणून उर्दू मजकूर कातिब हाताने लिहायचा आणि तो शिळाछापावर उठवला जायचा. मिर्झा अहमद जमील यांची ‘नूरी नस्तालिक’ अक्षरे १९८१ मध्ये संगणकावर आली, तोवर उर्दू छपाईचा भार मुख्यतः कातिबांच्या बोटांवरच होता. नस्तालिक यंत्रापुढे वाकले नाही. देवनागरी वाकली, आणि तिच्या जोडाक्षरांना, वळणांना त्याची किंमत मोजावी लागली. हाताने जुळवायचे देवनागरी खिळे काही शेकड्यांत जात. ते कमी करण्यासाठी टिळकांपासून सावरकरांपर्यंत अनेकांनी डोके लावले. दंडाचे अक्षर अर्धे करणे सोपे, दंड काढला की काम झाले. पाकळीच्या ल ला काढून टाकायला दंडच नाही.

स्वातंत्र्यानंतर लिपी एकसारखी करण्याचे वारे आले. १९५३ मध्ये लखनौला परिषद भरली, १९६६ मध्ये केंद्रीय हिंदी निदेशालयाने मानक देवनागरी जाहीर केली. हा व्यवहार मराठीवर अन्याय म्हणून सांगितला जातो. मला तो अर्धाच खरा वाटतो. हिंदीनेही आपले जुने अ, झ, ण सोडले आणि मुंबईचे घेतले. ल आणि श मात्र उत्तरेचे ठरले. पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठीची रूपे, असे महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात नोंदवले.

तोपर्यंत संगणक येऊन बसला होता. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी जिल्ह्या-तालुक्यांच्या दुकानांत पोचली. तिचे फॉन्ट ऑपरेटरला नावापेक्षा आकड्यानेच पाठ. युनिकोड आल्यावर नवा पेच पडला. त्यात ल ला एकच क्रमांक आहे, पाकळीचा असो की दंडाचा. रूप फॉन्ट ठरवणार. विंडोजबरोबर घरोघरी गेलेला ‘मंगल’ काढला र. कृ. जोशी यांनी. मुंबईत जाहिरात क्षेत्रात आणि आयआयटीत काम केलेला हा मराठी माणूस, आणि त्याच्या फॉन्टमध्ये समोर येतो तो दंडाचा ल! संपूर्ण देशासाठी एकच फॉन्ट करायचा म्हटल्यावर दुसरे काय होणार?

आता बऱ्याच चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपे असतात. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडली की ल आणि श आपोआप बदलतात. फ्लेक्सच्या घाईत ती निवड कोण करतो? शिवाय काही सॉफ्टवेअर भाषेची ही निवड मानतच नाहीत. मग ज्यात मुळातच मराठी वळण आहे असा फॉन्ट घ्यावा. राज्य मराठी विकास संस्थेची ‘यशोमुद्रा’ आहे. ‘तिरो देवनागरी’ तर हिंदी, मराठी आणि संस्कृत असे तीन वेगळे फॉन्ट म्हणूनच मिळतो.

निवडण्याआधी ‘लातूर’, ‘शेतकरी’ आणि ‘दऱ्या’ हे तीन शब्द टाइप करून बघावेत. पहिल्या दोघांत कूळ कळते. तिसऱ्यात र चा चंद्रकोरीसारखा अर्धा आकार आला नाही, य च्या डोक्यावर रफार बसला, तर त्या फॉन्टवर किंवा तो चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर मराठी पत्रिका सोपवू नये.