गांवचा पाटील आणि चोरीचा माग

नीरेकांठचें अकलूज घ्या किंवा देशावरील दुसरें गांव घ्या. जुनीं दप्तरें जमविणारे पाटलास निव्वळ वसुलाचा अधिकारी समजतात. आमच्या मतें हें अपुरें आहे. पेशवाईंत गांवच्या बंदोबस्ताची जोखीमही त्याच्याच शिरावर असे. चोरी झाली म्हणजे गांवच्या जागल्यानें पावलांचा माग काढावा. तो शेजारच्या शिवेंत पोंचविला कीं भार त्या गांवावर, नाहींतर भरपाई आपल्या माथीं. ही वहिवाट एल्फिन्स्टननें १८१९ च्या अहवालांत नोंदली आहे. पाटील निवडलेला नसे, वतनदार असे. तथापि गोतास डावलून त्याचें चालत नसे. १८६७ च्या कायद्यानें ग्रामपोलीस जिल्हा मॅजिस्ट्रेटाच्या देखरेखीखालीं आले. १९६७ च्या कायद्याचा पोलीस पाटीलही नेमलेलाच, निवडलेला नव्हे. शिव कोठें, यावर चोरीची भरपाई ठरे. म्हणून शिवेच्या तंट्यांचे महजर संग्राहकांनीं वसुलाच्या रुमालांत बांधून ठेवूं नयेत.