जुन्या गाडीची बैठक

लखनौच्या अलीगंज भागात ज्येष्ठातले मंगळवार मोठ्या थाटाचे असतात. येथील जुन्या हनुमान मंदिराच्या शिखरावर चंद्रकोर आहे आणि अवधच्या एका बेगमेच्या श्रद्धेतून ते मंदिर उभे राहिले, अशी परंपरा सांगितली जाते. ‘बडा मंगल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दिवसांत रस्तोरस्ती मांडव पडतात आणि येणाऱ्याजाणाऱ्यास पुरीभाजी व सरबत मिळते. अशाच एका मंगळवारी, कढया आणि पाण्याची पिंपे वाहणाऱ्या नव्या गाड्यांच्या गर्दीतून वाट काढताना, एका दुरुस्तीखान्याच्या दारात आम्हांस एक फार जुनी पिकअप उभी दिसली. इंजिन चालू झाले होते, पत्र्यावर रंग चढला होता. पण चालकाच्या जागी एक लाकडी खोके ठेवलेले होते. बैठक कोठे आहे, असे विचारताच मिस्त्री हसून म्हणाला, “साहब, इंजन मिल जाता है, सीट नहीं मिलती.”

ही अडचण वरवर पाहता क्षुल्लक आहे. तथापि तिच्या मागे आपल्या देशातील मोटारधंद्याचा एक दुर्लक्षित इतिहास आहे, म्हणून तो येथे मांडावा असे आम्हांस वाटते.

गाडीचे इतर भाग यंत्राने झिजतात. बैठक माणसाने झिजते. ऊन, पाऊस, घाम, खिशातल्या किल्ल्या आणि गाडी उभी राहिली म्हणजे उंदीर, असे तिचे अनेक शत्रू. शिवाय ती मुळातच सुटी असे. फोर्ड कंपनीने १९२५ साली आपल्या ‘मॉडेल टी’ गाडीला मागे माल ठेवण्याची पेटी जोडून २८१ डॉलरांस विकावयास काढली. कारखान्यातून तयार होऊन आलेली पहिली पिकअप म्हणून तिचा उल्लेख होतो. तिची पेट्रोलची टाकी चालकाच्या बैठकीखाली होती. पेट्रोल भरावयाचे म्हणजे चालकाने उठावयाचे, गादी उचलून बाजूस ठेवावयाची आणि मग टाकीचे झाकण उघडावयाचे. जी वस्तू पदोपदी उचलून ठेवावी लागते, ती एखाद्या दिवशी परत जागेवर येत नाही, हा सर्वांच्या अनुभवाचा विषय आहे.

परंतु आपल्याकडे बैठक न सापडण्याचे कारण याहून खोल आहे. फोर्डने १९२६ साली मुंबईत बस्तान बसविले. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. सुटे भाग जहाजाने येत आणि येथे जोडले जात. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली आणि १९४७ पासून त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज आणि फार्गो ही नावे आपल्या रस्त्यांवर रुळली ती तेथून. पुढे १९५३ साली, ज्यांच्यापाशी येथेच गाडी घडविण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच धंदा करावा, असे सरकारी धोरण ठरले आणि फोर्ड व जनरल मोटर्स यांनी मुंबईतला आपला गाशा गुंडाळला.

या साऱ्या काळात मालगाडी व बस बहुधा पूर्ण गाडी म्हणून विकली जात नसे. गिऱ्हाइकाच्या हाती येई तो केवळ सांगाडा, म्हणजे चॅसी: चाके, इंजिन आणि पुढचा थोडा पत्रा. त्यावर घर उभारावयाचे काम गावोगावच्या सुतार-लोहारांचे आणि त्या घरात गादी घालावयाचे काम गादीवाल्याचे. आपल्या एस. टी.चेच उदाहरण घ्या. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, जी पहिली गाडी सुटली, त्या ताफ्यातील बेडफर्ड बसची अंगे लाकडी होती आणि बैठका काथ्याच्या होत्या. इकडे तेव्हाच्या संयुक्त प्रांत सरकारची पहिली बस १५ मे १९४७ रोजी लखनौ ते बाराबंकी या वाटेवर धावली. इंजिने परदेशी, पण ज्यावर प्रवासी बसला, ते बहुतांशी देशी हातांचे काम होते.

येथेच ‘अस्सल’ या शब्दाचा घोटाळा सुरू होतो. जुन्या गाड्यांचे हौशी लोक परदेशी पुस्तिका उघडतात, चित्रातील बैठक पाहतात आणि तशीच बैठक विलायतेहून मागवू लागतात. अमेरिकेत त्यांना ती मिळतेही. पण जी गाडी चॅसीच्या रूपाने येथे आली आणि जिची बैठक कुर्ल्यात, कानपुरात किंवा लखनौत कोणा अनामिक कारागिराने बांधली, तिला डेट्रॉइटची बैठक बसविणे म्हणजे अस्सलाच्या नावाखाली नक्कल करणे होय. अशा गाडीची खरी बैठक कोणत्याही पुस्तिकेत नाही. ती पुन्हा उभी करावयाची तर एकच साक्षीदार उरतो आणि तो म्हणजे मोडकी का होईना, पण तिची जुनी गादी.

अलीगंजच्या त्या पिकअपचे नशीब एवढे की, चार दिवसांनी तिची जुनी गादी मालकाच्या माळ्यावर सापडली. ती कबाड्याकडे जाणारच होती. मिस्त्री ज्यांना ‘चचा’ म्हणतो अशा एका वृद्ध गादीवाल्याने ती आमच्यादेखत उसवली. सर्वांत वर अलीकडचे जाड प्लॅस्टिकचे कापड होते. त्याखाली जुने रेक्झीन होते. सेल्युलोजचा लेप एरंडेल तेलात मऊ करून तो सुती कापडावर चढवावयाचा आणि वर कातड्याचा ठसा उमटवावयाचा, अशी या कापडाची कृती. इंग्लंडातील हाईड गावच्या एका कंपनीने दिलेले हे नाव आपण घरचेच करून टाकले. त्याखाली कापसाचा थर, मग काथ्या, मग गोणपाट आणि तळाशी सुतळीने एकमेकींस बांधलेल्या स्प्रिंगा. चौकट विलायती लाकडाची नव्हती. तराईतल्या सालाची होती. तिच्या कडेवर चुकांची भोके तीन ओळींत होती. चचांनी ती बोटाने मोजली आणि म्हणाले, “तीन बार चढ़ी है.” अर्धशतकाहून अधिक काळाचा हिशेब त्या भोकांत लिहिलेला होता.

पुढचे काम आम्ही आठवडाभर जाऊन पाहत होतो. प्रथम प्रत्येक थराची जाडी मोजून घेतली. मग स्प्रिंगा घासून गंज काढला. तुटलेल्यांच्या जागी त्याच जाडीच्या तारेच्या, तितक्याच वेढ्यांच्या नव्या वळविल्या. प्रत्येक स्प्रिंग आठ दिशांनी सुतळीने बांधली, म्हणजे एक दबली की शेजारची तिचा भार उचलते. मालकाचा आग्रह सरळ फोम घालावा असा होता. रबराचा फोम १९२९ साली डनलॉपच्या प्रयोगशाळेत निघाला, तेव्हा तोही काही कालचा नव्हे. पण चचांनी एक साधी गोष्ट सांगितली. फोमची उंची दबल्यावर वेगळी आणि स्प्रिंगांची वेगळी. बैठक दोन बोटे चढली तर सुकाणूचे चाक मांडीस लागते. दोन बोटे उतरली तर ब्रेकवर पाय नीट पडत नाही. म्हणून दुसऱ्या गाडीची बैठक आणून बसविणाऱ्यांनी रंग व शिवण पाहण्याआधी तिची दबलेली उंची आणि तळाशी आवळलेले बोल्ट पाहिले पाहिजेत. ज्या गाडीत पट्टा नाही, त्या गाडीत चालकाचा जीव त्या चार बोल्टांवर असतो.

आता हे सारे आमच्या वाचकांपुढे मांडण्याचे कारण सांगतो. आपल्यापैकी पुष्कळ जण सरकारी नोकरीच्या निमित्ताने परप्रांतांत आहेत आणि अनेकांच्या कचेरीच्या आवारात चिंचेखाली किंवा कडुनिंबाखाली एखादी जुनी जीप वा पिकअप गंजत उभी आहे. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूप राखलेल्या वाहनांची ‘व्हीए’ या अक्षरांखाली स्वतंत्र नोंदणी सुरू केली. ही गोष्ट चांगलीच झाली. पण ती सवलत खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकींसाठी आहे. जन्मभर माल वाहिलेली पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेली असेल, तर ती या दारातच अडते. मूळ स्वरूप म्हणजे सांगाडा, अंग आणि इंजिन, असे तो नियम मानतो. बैठकीचा त्यात उल्लेखही नाही. उलट १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी संपते आणि ती मान्यताप्राप्त मोडतोड केंद्राकडे धाडावी लागतात. हेतू रास्त आहे: जुनी वाहने धूर ओकतात आणि अपघातांस निमंत्रण देतात. नियम मोडा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही.

आमचे म्हणणे एवढेच की, निर्लेखनाच्या कागदावर सही करण्यापूर्वी एक तास त्या गाडीपाशी घालवावा. जड संग्रह नोंदवहीत ती केव्हा आली आणि तिचे अंग कोणी बांधले, हे पाहावे. बैठकीची छायाचित्रे व मापे घ्यावीत; कापड फाटलेलेच असेल तर आतले थर पाहून त्यांचा क्रम टिपून ठेवावा. खर्च नाही, मंजुरी लागत नाही. गाडी जाईल; पण ती कशी घडली होती, हे राहील.

ज्या १९२६ साली फोर्ड मुंबईस आली, त्याच साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांनी या लखनौत मॅरिस कॉलेज उभे राहिले. घराण्याघराण्यांत कोंडलेल्या चिजा त्यांनी उस्तादांकडून ऐकून लिहून काढल्या, म्हणून त्या आज कोणाही विद्यार्थ्यास गाता येतात. गादीवाल्याची विद्या गाण्याच्या तोलाची नसेल. पण तीही हातातून हातात गेली आहे, आणि घेणारा हात नसला तर तिचाही शेवट ठरलेला आहे. चचांचा मुलगा हे काम करीत नाही. म्हणून त्या पिकअपच्या बैठकीचे थर, स्प्रिंगांची संख्या आणि गाठींचा क्रम आम्ही एका वहीत उतरवून घेतला आहे. चचांनी ती वही उलटसुलट करून पाहिली, एका गाठीचे चित्र चुकले होते ते दुरुस्त करविले, आणि मग नव्या गादीवर स्वतः बसून पाहिले.