तान्ह्या मुलीला घेऊन गावाकडे : पनवेल ते म्हसळा

मे महिना लागला की पनवेलच्या एसटी स्टँडवर कोकणी मुसलमानांची गर्दी वाढते. मुंब्रा, कुर्ला, तळोजा, सगळीकडून माणसं इथे येतात आणि म्हसळा, श्रीवर्धन, मुरुड, खेड अशी पांगतात. सोबत खोके, थंड पाण्याचे थर्मास, आखातातून आलेल्या चुलतभावाची भलीमोठी बॅग आणि कुणाच्या तरी कडेवर एक तान्हं मूल. ते मूल असतंच. अकीका सातव्या दिवशी करावा हा रिवाज, पण आपल्याकडच्या कितीतरी घरांत तो मे महिन्यापर्यंत थांबवतात. कारण सगळं खानदान एका छपराखाली येतं ते तेव्हाच. बाळाचं जावळ काढायचं, त्याच्या वजनाइतकी चांदी सदका करायची आणि सांदण वाफवून शंभर माणसांना जेवू घालायचं, तर ते मुंबईच्या दोन खोल्यांत कसं जमणार?

यंदा ते तान्हं मूल आमचं होतं. पाच महिन्यांची मुलगी. "एवढ्या उन्हात लेकराला घेऊन कशाला?" हा प्रश्न घरात आठवडाभर चालला. मला मात्र दुसराच प्रश्न पडला. या वाटेनं आपली माणसं किती पिढ्या लेकरं घेऊन जात असतील आणि कशी?

पनवेल आज रस्त्यांचं आणि रेल्वेचं जंक्शन आहे, पण मुळात ते बंदर. मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस एकेकाळी भरतीची वेळ साधून होडीत बसे, पनवेलच्या खाडीत उतरे आणि तिथून पुढे घाट चढे. 1830 मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि पनवेलची चलती झाली. 1852 मध्ये इथे नगरपालिका आली. पुढे 1863 मध्ये रेल्वे घाट चढून गेली आणि पुण्याचा प्रवासी पनवेलला यायचा थांबला. कोकणातल्या माणसाला मात्र त्या रेल्वेचा काडीचा उपयोग नव्हता. त्याला आणखी सव्वाशेहून अधिक वर्षं वाट पाहावी लागली. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली ती 26 जानेवारी 1998 ला.

पनवेलहून निघालं की पळस्पे, कर्नाळ्याची खिंड, खारपाडा, पेण, वडखळ आणि मग नागोठणे. इथे क्षणभर थांबायला हवं. अंबा नदीवर एक जुना दगडी पूल आहे. चौलच्या काझी अल्लाउद्दीननं तो सुमारे 1582 मध्ये, निजामशाहीच्या काळात, तीन लाख रुपये खर्चून बांधला असं कुलाब्याच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये नोंदवलंय. रुंदी जेमतेम दहा फूट, म्हणजे समोरून बैलगाडी आली तर आपली मागे घ्यायची. पूल बांधला तो फौजेच्या सोयीसाठी, पण फौजा वर्षातून कितीदा जाणार? उरलेले दिवस त्यावरून मिठाचे बैल गेले असतील, मेणे गेले असतील, माहेरी निघालेल्या बाया गेल्या असतील. त्यांची नोंद गॅझेटिअरमध्ये नाही. कोकणी मुसलमान 'बाहेरून आले' म्हणणाऱ्यांना मी एरवी कागद दाखवत बसत नाही. या पुलाचं नाव मात्र जरूर सांगतो.

तरी आपल्या लोकांचा खरा रस्ता पाण्यातूनच होता. मुंबईहून धरमतरला, रेवसला, खाली बाणकोट, हर्णै, दाभोळला बोटी जात. बऱ्याच बंदरांत धक्का नव्हता. मोठी बोट खोल पाण्यात उभी राही आणि माणसं पडावात उतरत. माझी दादी सांगायची, आधी गाठोडी खाली, मग पोरं. तान्हं मूल एका खलाशाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाई आणि ते पडावात पोचेपर्यंत आई वर श्वास रोखून उभी. कोकणच्या दर्यावर्दी मुसलमानांचा इतिहास आपण अभिमानानं सांगतो. नाखवा सांगतो, तांडेल सांगतो. पण त्या शिडीवरच्या बाईचा इतिहास कुणी लिहिला?

17 जुलै 1947 ला 'रामदास' बोट मुंबईहून रेवसला निघाली आणि वादळात बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. आषाढी अमावास्या आली होती आणि दोन दिवसांवर रमजान. ती बोट म्हणजे गावी निघालेल्या माणसांची बोट. आमच्या घरातलं त्यात कुणी नव्हतं, पण दादीच्या सासूनं त्यानंतर हुकूमच काढला, लेकरू पाण्यावरून आणायचं नाही. तेव्हा वाशीचा पूल नव्हता, तो 1973 चा. म्हणून दादी ठाण्याला वळसा घालून गाडीनं पनवेलला यायची आणि तिथून पुढची गाडी धरायची. सगळा दिवस जायचा. माझ्या वडिलांना तिनं असंच आणलं, लुगड्याची झोळी खिडकीच्या गजाला बांधून. धूळ आत येऊ नये म्हणून वर ओला पंचा.

जमिनीवरचा रस्ता तरी कुठे निर्धोक होता? 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला आणि दोन एसटी गाड्या त्यासोबत वाहून गेल्या. नवा पूल पुढच्याच पावसाळ्याआधी उभा राहिला, हेही खरं. पण पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरचं चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झालं आणि पुढची दहा वर्षंही ते पुरलं नाही. या खड्ड्यांतून पाच महिन्यांचं मूल मांडीवर घेऊन जाणाऱ्या आईला विकास म्हणजे काय ते विचारा. आम्ही शेवटी रेल्वेनं माणगावला उतरलो आणि पुढे रिक्षा केली. मोर्बा, मग घोणसे घाट, मग म्हसळा. मुलगी घाटात झोपली होती.

गावी साठ-सत्तर माणसं जमली होती. पडवीत पुरुष, माजघरात बाया, फणस फोडायला अंगणात पोरं. आढ्याला झोळी बांधलेलीच होती. फुफीनं मुलीला हातातून घेतलं, टाळूवर तेल घातलं आणि नजर उतरून मगच आत नेलं.

संध्याकाळी चाचांनी पेटी उघडली. आमच्या पेटीत दोन प्रकारचे कागद आहेत. जमिनीचे मोडीत, कारण कोकणातला कारभारच मराठीचा. आणि फारसी लिपीतला शिजरा, सात पिढ्यांचा. शिजरा अनेकांना कौतुकाची वस्तू वाटते, पण तो वाटणीचा कागद आहे. शेताचा वाटा कुणाच्या वंशाकडे, हे ठरवायला असा कागद लागे. 1949 च्या कायद्यानं खोती गेली, तरी शिजरे पेटीतच राहिले. आमच्या शिजऱ्यात एकही बाई नाही. दादी नाही, तिची ती कडक सासू नाही, फुफी नाही. कुरआननं मुलीला वारसा दिलाय हे आपण व्यासपीठावरून अभिमानानं सांगतो. 1937 च्या शरियत कायद्यानं ते मान्यही केलं, पण शेतजमीन त्यातून वगळली. कोकणी घराची मालमत्ता तर भाताची खाचरं आणि आंब्याची झाडं हीच. ज्यात मुलीला खरोखर काही मिळालं असतं, नेमकं तेच बाहेर राहिलं.

चाचा नवी नावं लिहीत होते. दोन चुलतभावांचे मुलगे झाले. मी मुलीचं नाव सांगितलं. चाचांनी लेखणी खाली ठेवली आणि म्हणाले, "बेटा, यात मुलींची लिहीत नाहीत." पडवीत कुणी काही बोललं नाही. माजघरातून फुफीचा आवाज आला, "भाईजान, मग माझंही लिहा. मी तरी कुठनं आले?" ती सत्तरीची आहे. लग्न होऊन गेली त्यालाच पन्नास वर्षं झाली आणि त्यातलं एकही मे महिन्याचं जमणं तिनं चुकवलेलं नाही.

चाचांनी बराच वेळ कागद न्याहाळला. जुन्या कागदावर बहिणीसाठी जागाच नव्हती, त्यांच्या स्वतःच्या नावाला लागून पुढचं घर भरलेलं. मग त्यांनी नातवाच्या वहीतलं एक पान फाडलं, शिजऱ्याच्या कडेला धरून पाहिलं आणि मला विचारलं, "उर्दूत लिहू की मराठीत? तुझ्या मुलीला वाचता यायला हवं."