बाण कोण हलवतंय?

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० ची मुदत संपली आणि साताऱ्याला बाबांचा कॉम्प्युटर बदलायची वेळ आली. मी सुट्टीत तिकडेच होतो, म्हणून जुन्या डिस्कवरचं काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते बघत बसलो. फोटो, विजेची स्कॅन केलेली बिलं, आईची भजनं... आणि एक साधी टेक्स्ट फाईल. अमेरिकेत बसून बाबांचा कॉम्प्युटर चालवता यावा म्हणून मी जो प्रोग्रॅम तिथे बसवला होता, त्याने आपणहून लिहिलेली पाहुण्यांची वही. कोण आलं, कधी आलं, कधी गेलं. पानंच्या पानं माझंच नाव. मार्च २०१९ मधली एक ओळ मात्र माझी नव्हती. तेवीस मिनिटांची.

त्या ओळीकडे येतोच. पण वही चाळताना तिच्याही आधीची वर्षं आठवली. दुसऱ्याच्या पडद्यावरचा बाण लांबून हलवण्याचा हा प्रकार आला कुठून, आणि आमच्या घरात तो जमायला इतका वेळ का लागला, हे एकदा लिहून काढावंसं वाटलं. (काकू, तांत्रिक भाग गाळलात तरी चालेल. शेवट मात्र वाचा.)

९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सभागृहात डग्लस एंगलबार्ट नावाच्या माणसाने हजारेक लोकांसमोर पहिल्यांदा माऊस हलवून दाखवला. गंमत अशी की तो कॉम्प्युटर सभागृहात नव्हताच. तो तिथून सुमारे तीस मैलांवर, मेन्लो पार्कला होता. चित्र मायक्रोवेव्हने इकडे येत होतं आणि माऊसच्या हालचाली मोडेमवरून तिकडे जात होत्या. मधेच मेन्लो पार्कहून बिल पॅक्स्टन हा सहकारी त्याच पडद्यावर आला. एक पडदा, दोन माणसं, दोन बाण. म्हणजे माऊसचा जाहीर जन्मच मुळी लांबून चालवण्याच्या प्रयोगात झाला. पण या थाटाला एक अख्खी प्रयोगशाळा राबत होती. आमच्या घरी राबायला मी आणि बाबा.

आपल्यासारख्यांच्या हातात ही सोय यायला पुढची तीस वर्षं गेली आणि ती आली दोन वेगळ्या घराण्यांतून. दोन्ही घराण्यांचं महत्त्वाचं वर्ष एकच, १९९८.

पहिलं घराणं ऑफिसचं. आयबीएममधून बाहेर पडलेल्या एड याकोबुची यांनी १९८९ मध्ये सिट्रिक्स काढली. एकाच मोठ्या कॉम्प्युटरवर अनेकांनी एकाच वेळी, आपापल्या टेबलावरून काम करावं, ही त्यांची कल्पना. मायक्रोसॉफ्टने ते तंत्र परवान्यावर घेतलं आणि १९९८ मध्ये विंडोज एनटीची ‘टर्मिनल सर्व्हर’ आवृत्ती आणली. तीच वाट पुढे ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपीत ‘रिमोट डेस्कटॉप’ म्हणून उतरली.

दुसरं घराणं केंब्रिजचं, आणि माझ्या जास्त आवडीचं. तिथल्या ऑलिव्हेटीच्या प्रयोगशाळेत (नंतर त्यात ओरॅकलही आली) माणसं छातीवर बिल्ला लावून हिंडायची. भिंतीवरच्या यंत्रांना तो बिल्ला ओळखू यायचा आणि त्याचं बटण दाबलं की तुमचं अर्धवट काम जवळच्या पडद्यावर येऊन हजर व्हायचं. असल्या प्रयोगांतून व्हीएनसी निघालं आणि १९९८ मध्ये त्यांनी ते मूळ कोडसकट फुकट देऊन टाकलं. कल्पना अगदी साधी. पडदा म्हणजे रंगीत ठिपक्यांचा चौकोन. त्यातला जेवढा तुकडा बदलला तेवढा पाठवा आणि उलट दिशेने कळा आणि माऊस पाठवा. बस्स. ते लिहिणाऱ्यांपैकी क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर हा तोच गृहस्थ, ज्याने १९९१ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला होता. कॉफी शिल्लक आहे की नाही ते जागेवरून उठायच्या आधीच कळावं, म्हणून! आळशी माणसांचे जगावर फार उपकार आहेत.

आता आमचं घर. जानेवारी २००५ पासून सरकारी ब्रॉडबँड गावोगाव पोचायला लागलं आणि बाबांनी लगेच अर्ज केला. वेग २५६ केबीपीएस. आधीच्या डायल-अपवर हा खेळ करायचाच तर मोठी पंचाईत होती : इंटरनेट चालू असेल तर फोन बंद, आणि फोनवर बोलल्याशिवाय इंटरनेटवर काय चुकतंय ते कळणार कसं? आता दोन्ही एकदम चालणार होतं. न्यू जर्सीत माझे उन्हाळ्यातले रात्रीचे नऊ म्हणजे तिकडचे सकाळचे साडेसहा, भारनियमन सुरू व्हायच्या आत. कॉलिंग कार्डाची मिनिटं मोजत मी बसायचो.

पहिला अडथळा : एक्सपी ‘होम’. ही आवृत्ती दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर जाऊ शकायची, पण दुसऱ्याला आपल्याकडे रिमोट डेस्कटॉपने येऊ द्यायची नाही. घरासाठी म्हणून विकलेल्या विंडोजमध्ये घरी परतायची सोय नव्हती. कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या पोराने मग ‘प्रोफेशनल’ टाकून दिलं. सीडी कुठून आणली ते मी विचारलं नाही.

दुसरा : पासवर्ड. ज्या खात्याला पासवर्ड नाही त्यात लांबून शिरता येत नाही, हा एक्सपीचा शहाणपणाचा नियम. पण नकार यायचा तो ‘खात्यावर निर्बंध’ अशा काहीतरी मोघम भाषेत. मला तीन रविवार लागले ते उमगायला. बाबांचं म्हणणं, “घरातल्या वस्तूला पासवर्ड कशाला? आपल्या कपाटाला तरी कधी कुलूप लावलंय?”

तिसरा : फायरवॉल. ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ नंतर ती आपोआप चालू असायची आणि बाहेरून आलेल्याला दारातूनच परत लावायची. आणि चौथा, सगळ्यांचा बाप : राउटर.

इथे थोडं मागे जावं लागतं. इंटरनेटचे मूळ पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. १९८१ मध्ये हे ठरलं तेव्हा आकडा अवाढव्य वाटला असणार. नव्वदीत तो पुरणार नाही हे दिसायला लागलं. मग मे १९९४ मध्ये केल्ड एगेव्हांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी एक तोडगा मांडला : आतल्या पत्त्यांची फेरफार करून पूर्ण वस्तीला बाहेर मोजक्याच पत्त्यांवर चालवायचं. अपार्टमेंटचा वॉचमन डोळ्यासमोर आणा. आतल्या कुणी पत्र धाडलं तर तो लक्षात ठेवतो आणि उत्तर आलं की त्याच फ्लॅटला पोचवतो. पण बाहेरून कुणी न सांगता आला आणि नुसतं बिल्डिंगचं नाव सांगितलं, तर कुणाकडे पाठवायचं ते त्याला कळत नाही. तो हाकलून देतो. हा तोडगा तात्पुरता आहे, असं त्याच कागदात लिहिलं होतं. तात्पुरता! आपल्याकडच्या तात्पुरत्या पत्र्याच्या शेडसारखाच तो जगभर उभा राहिला. २०११ मध्ये नव्या पत्त्यांचा मुख्य साठा संपला आणि मग अनेक कंपन्यांनी वॉचमनच्या वर आणखी एक वॉचमन बसवला.

पत्ते पुरले हे खरं. पण त्या दिवसापासून घरचा कॉम्प्युटर हाक मारू शकणारा, पण हाक ऐकू न येणारा झाला. इंटरनेटवर सगळी यंत्रं एकाच पंगतीत बसायची, ती पंगत तिथे मोडली. रिमोट डेस्कटॉपला तर बाहेरूनच हाक मारायची असते. मग वॉचमनला बजावून ठेवायचं : ३३८९ नंबर विचारत कुणी आला तर वर पाठव. हे बजावण्याचं पान मोडेमच्या आत, इंग्रजीत, आणि ते भरणार बाबा, फोनवर माझं ऐकत. सलग चार सकाळी गेल्या. एकदाचं जमलं, मी बाबांच्या कॉम्प्युटरवर पोचलो आणि तिकडून बाबांचा आवाज, “अरे, माझं सगळं गेलं!”

ऑफिसच्या घराण्याची ही खोड. एक्सपीत तुम्ही लांबून शिरलात की समोर बसलेल्याचा पडदा कुलूपबंद. ऑफिसात ठीक आहे, रात्री तिथे कुणी नसतं. पण बाबा समोर बसले होते आणि त्यांना मी काय करतो ते बघायचं होतं, शिकायचं होतं. मी कॉम्प्युटर दुरुस्त करू पाहत होतो आणि ते मला भेटायला बसले होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

म्हणून व्हीएनसी. ३३८९ ऐवजी ५९०० आणि वॉचमनला पुन्हा पहिल्यापासून शिकवणी. पण आता एकच पडदा दोघांना दिसायला लागला. “बाण आपोआप हलतोय रे!” हे बाबांचं वाक्य अजून कानात आहे. आम्ही त्या बाणासाठी भांडायचोसुद्धा. मी डावीकडे नेला की ते उजवीकडे ओढायचे. ठिपक्यांचं ओझं कमी व्हावं म्हणून व्हीएनसी जोडणी होताच डेस्कटॉपवरचं मागचं चित्र काढून टाकायचं. आईने तिथे गणपती लावला होता. “तू आलास की गणपती जातो,” अशी तिची कायमची तक्रार.

तरीही दर आठवड्याला काहीतरी मोडायचंच. वीज जाऊन आली की मोडेमचा बाहेरचा पत्ता बदललेला, कधी आतला कॉम्प्युटर दोनचा तीन झालेला आणि वॉचमन रिकाम्या फ्लॅटची बेल वाजवतोय. बाबा एका वेबपानावर आपला पत्ता बघून मला फोनवर वाचून दाखवायचे : चार आकडे, मध्ये टिंबं. शेवटी मी दिशाच उलटी केली. व्हीएनसीत तशी सोय होती : मी ऐकत बसायचं आणि बाबांनी मला हाक मारायची. बाहेर जाणाऱ्याला वॉचमन अडवत नाही ना! साताऱ्याच्या मोडेमची कटकट एका फटक्यात संपली.

हीच युक्ती जरा वाढवून एका धंद्याचा पाया झाला. लॉगमीइन बुडापेस्टमधून निघालं आणि टीमव्ह्यूअर २००५ मध्ये जर्मनीतल्या ग्योपिंगेनमधून. यात दोन्ही घरं आपापल्या वॉचमनला रामराम करून बाहेर पडतात आणि मधल्या चौकात, कंपनीच्या सर्व्हरपाशी भेटतात. पत्ता नको, पोर्ट नको, मोडेमचं पान नको. पडद्यावर एक क्रमांक दिसतो आणि एक पासवर्ड, तो फोनवर सांगायचा. २००८ मध्ये मी बाबांकडे असाच एक प्रोग्रॅम बसवला आणि आमची भांडणं थांबली. पहिल्याच प्रयत्नात पाच सेकंदांत जोडणी. मला थोडं चुकल्यासारखंही झालं, कारण त्या दिवशी आम्ही फोनवर जेमतेम दोन मिनिटं बोललो.

चौकात मात्र सगळेच भेटतात. १४ फेब्रुवारी २०१९ ला रिझर्व्ह बँकेने इशारा दिला : एनीडेस्क नावाचं ॲप लोकांना घ्यायला लावून, त्यावरचा नऊ आकडी क्रमांक फोनवर विचारून फोनचा ताबा घेतला जातो आणि खात्यातून पैसे काढले जातात. ॲपमध्ये खोट नव्हती. ते आपलं काम चोख करत होतं. त्याच मे महिन्यात रिमोट डेस्कटॉपमध्ये ‘ब्लूकीप’ नावाचं भोक सापडलं, इतकं धोक्याचं की पाच वर्षांपूर्वी मुदत संपलेल्या एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टने ठिगळ काढलं. मी धावपळ करून बाबांचं सगळं तपासलं. भोकं तपासली. वही बघायचं सुचलं नाही.

तर ती मार्च २०१९ ची ओळ. मी बाबांना फाईल दाखवली आणि विचारलं, हे कोण? ते जरा वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, “बँकेतून बोलतोय म्हणाला. बावीस हजार गेले.” साडेसहा वर्षं त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. पैसे एका ठेवीतून काढून भरून ठेवले होते.

“पण तुम्ही त्याला आकडे का सांगितलेत?”

“तूच शिकवलं होतंस ना,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, हेच वाईट. “फोन आला, की पडद्यावर काय दिसतंय ते वाचून दाखवायचं. पासवर्ड कशाला म्हणून मी विचारायचो, तेव्हा तू चिडायचास. हा माणूस तर तुझ्यापेक्षा शांतपणे बोलत होता.”

मला उत्तर सुचलं नाही. तेरा-चौदा वर्षं रविवारच्या सकाळी मी त्यांच्याकडून हेच घोटून घेतलं होतं.

नवीन कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम पुन्हा टाकायचा की नाही, यावर आमची दोन दिवस चर्चा झाली. शेवटी बाबांनीच अट घातली : आकडे सांगायच्या आधी ते एक प्रश्न विचारणार, घरच्या माणसालाच उत्तर येईल असा. मी परत आल्यावर पहिल्याच रविवारी प्रिंटर अडला. मी फोन केला. बाबा म्हणाले, “तुझ्या आजीच्या म्हशीचं नाव काय?”

मला आठवेना. मी आवाज ओळखा म्हटलं, हसलो, थोडा चिडलोही. त्यांनी शांतपणे फोन ठेवला.

आईच्या मोबाईलवर फोन करून मी नाव विचारून घेतलं आणि परत लावला. तोवर त्यांनी प्रश्न बदलला होता.