आकडा बरोबर, अर्थ चुकीचा: मानेतल्या स्टेंटची गोष्ट

आधी एक काम करा. जबड्याखाली, मानेच्या एकाच बाजूला दोन बोटं हलकेच टेकवा. ठोके लागतायत? ही कॅरोटिड, म्हणजे मेंदूला रक्त पोहोचवणारी धमनी. तिच्यात चरबीचा थर साचून वाट अरुंद झाली, की पक्षाघाताचा धोका वाढतो. मग डॉक्टर आत जाळीची बारीक नळी बसवतात, म्हणजे स्टेंट. पण काही जणांच्या स्टेंटमध्ये पुन्हा पेशी वाढतात आणि वाट परत अरुंद होते. हे बाहेरून कसं ओळखायचं?

त्यासाठी १८४२ च्या प्रागमध्ये जाऊया. ख्रिश्चन डॉपलर ताऱ्यांच्या रंगांबद्दल सांगत होता: लहरी सोडणारी वस्तू जवळ आली की लहरी दाटतात, लांब गेली की विरळ होतात. तीन वर्षांनी हॉलंडमध्ये बाउस बालोटने रेल्वेत चक्क तुतारीवाले बसवले आणि आवाजाच्या बाबतीत हे खरं असल्याचं दाखवलं. १९५० च्या दशकात ओसाकात शिगेओ सातोमुरांनी हीच युक्ती अल्ट्रासाउंड वापरून हृदय आणि रक्तप्रवाहाला लावली. १९७० च्या दशकात सिएटलमध्ये युजीन स्ट्रँडनेस यांच्या गटाने धमनीचं चित्र आणि रक्ताचा वेग एकाच यंत्रात आणला. तोच ड्युप्लेक्स.

तत्त्व अगदी घरगुती आहे. पाण्याच्या पाइपाचं तोंड बोटाने दाबलं की धार जोरात उडते ना? तसंच धमनी जिथे अरुंद, तिथे रक्ताचा वेग जास्त. २००३ मध्ये अमेरिकी तज्ज्ञांनी मोजपट्टी ठरवली: सेकंदाला १२५ सेंटिमीटर म्हणजे ५० टक्के अरुंद, २३० म्हणजे ७० टक्के.

आणि इथेच घोळ झाला. २००४ मध्ये ब्रजेश लाल यांच्या गटाने दाखवलं, की स्टेंट नुकताच बसलाय, अँजिओग्राफीत वाट मोकळी दिसतेय, तरी वेग मात्र वाढलेलाच. यंत्र खोटं बोलत नव्हतं. साधी धमनी प्रत्येक ठोक्याला किंचित फुगते. स्टेंट बसलेली धमनी ताठ होते, फुगत नाही, म्हणून रक्त जोरात जातं. जुनी मोजपट्टी लावली तर ठणठणीत स्टेंटही 'अरुंद' ठरणार. मग रुग्णाची विनाकारण अँजिओग्राफी, आणि त्या तपासणीतही पक्षाघाताचा थोडा धोका असतोच!

२००८ मध्ये याच गटाने स्टेंटसाठी वेगळे आकडे मांडले: ५० टक्क्यांसाठी २२०, ८० टक्क्यांसाठी ३४०. म्हणजे २०० हा आकडा साध्या धमनीत चिंतेचा, स्टेंटमध्ये तेवढा नाही. २०१२ मध्ये क्रेस्ट या मोठ्या अभ्यासाचे आकडे आले: दोन वर्षांत स्टेंटवाल्यांपैकी सुमारे ६ टक्क्यांची धमनी पुन्हा खूप अरुंद किंवा बंद झाली होती. शस्त्रक्रियेने धमनी साफ केलेल्यांतही प्रमाण जवळपास तेवढंच.

म्हणून घरात कुणाच्या मानेत स्टेंट असेल, तर बसवल्यानंतरचा पहिला अल्ट्रासाउंड रिपोर्ट जपून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक तपासणीला सोबत न्या. नवा वेग त्याच्याशी ताडून पाहिला, तरच वाट खरंच अरुंद होतेय का ते नीट कळतं. भेटूया पुढच्या भागात!