जुन्या गाडीचे कण्हणारे स्टिअरिंग : एका आवाजाचा इतिहास

१/ जुनी गाडी सकाळी सुरू होते, चालक स्टिअरिंग वळवतो आणि बॉनेटखालून कण्हल्यासारखा आवाज येतो. ॲक्सिलरेटर दाबला की सूर चढतो. चाके टोकापर्यंत वळवली की तो अधिकच आर्त होतो. गॅरेजमधले निदान बहुधा ठरलेले असते : ‘पंप गेला’. या आवाजाचा इतिहास पाहिला, तर हा निकाल घाईचा ठरतो. #थ्रेड #तंत्रज्ञानाचाइतिहास

२/ या इतिहासाचा आरंभ रस्त्यावर नव्हे, समुद्रात होतो. १८९० च्या दशकात ब्रिटिश नौदलाच्या ‘डेअरिंग’ या विनाशिकेच्या चाचण्या चालू होत्या. इंजिनात बळ होते, तरी अपेक्षित वेग मिळेना. बांधणी करणाऱ्या थॉर्निक्रॉफ्ट आणि बार्नबी यांनी कारण शोधले : पंखा इतक्या जोराने फिरत होता की पाणी त्याच्यामागे वेळेवर पोहोचतच नव्हते आणि पाण्यात पोकळ्या तयार होत होत्या.

३/ पंख्याची पाती रुंद केल्यावर वेग वाढला. या घटनेला ‘कॅव्हिटेशन’ हे नाव आर. ई. फ्रूड यांनी सुचवले. चार्ल्स पार्सन्स यांच्या ‘टर्बिनिया’ या नौकेलाही हीच अडचण आली. त्यांनी १८९५ मध्ये खास टाकी बांधून या पोकळ्यांचे निरीक्षण केले. पुढे तीन दांड्यांवर नऊ पंखे बसवलेली टर्बिनिया १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या हीरकमहोत्सवी नौदल-संचलनात सर्वांसमक्ष सुसाट धावली.

४/ पोकळी तयार होते, त्यापेक्षा ती मिटते तेव्हा अधिक हानी होते. १९१७ मध्ये लॉर्ड रॅले यांनी गणिताने दाखवले की असा बुडबुडा मिटताना एका बिंदूपाशी प्रचंड दाब निर्माण होतो. जहाजांच्या धातूच्या पंख्यांना खड्डे का पडतात, याचे उत्तर त्यातून मिळाले. स्टिअरिंगच्या पंपातील तेलालाही हाच नियम लागू पडतो.

५/ आता रस्त्यावर येऊ. अमेरिकेतील पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागातील अभियंता फ्रान्सिस डेव्हिस यांना जड ट्रक वळवताना चालकांचे होणारे हाल ठाऊक होते. नोकरी सोडून त्यांनी मॅसॅच्युसेट्समधील वॉल्थॅम येथे छोटी कार्यशाळा थाटली आणि कारागीर जॉर्ज जेसप यांच्या साथीने तेलाच्या दाबावर चालणारे स्टिअरिंग घडवले. १९२६ मध्ये ते पिअर्स-ॲरो मोटारीवर बसवून त्यांनी दाखवले.

६/ डेव्हिस यांच्या रचनेत पंप अखंड फिरतो आणि तेल सतत वाहत राहते. गाडी सरळ जात असताना व्हॉल्व्ह मोकळा असतो, म्हणून दाब कमी राहतो. चालकाने चाक वळवले की वाट अरुंद होते, दाब चढतो आणि तो दाब चाकांना वळवायला मदत करतो. दुखणे वळणावर अधिक ऐकू येते ते याचमुळे : पंपावर खरा भार तेव्हाच पडतो.

७/ शोध लागला, पण गिऱ्हाईक मिळेना. जनरल मोटर्सने करार केला. मात्र महामंदीत खर्च परवडणार नाही म्हणून १९३४ मध्ये योजना गुंडाळली. पुढे दुसऱ्या महायुद्धात जड चिलखती वाहने वळवण्यासाठी हीच यंत्रणा उपयोगी पडली. मोटारींच्या बाजारात १९५१ ची क्रायस्लर इम्पीरियल प्रथम उतरली. तिच्या ‘हायड्रागाइड’मध्ये डेव्हिस यांच्या मुदत संपलेल्या पेटंटांतील कल्पना वापरल्या होत्या. जनरल मोटर्स पुन्हा डेव्हिस यांच्या दारी आली ती त्यानंतर.

८/ मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनीच्या चालकांना ही सोय कधी लाभली नाही; गर्दीत गाडी वळवायची ती मनगटाच्या बळावरच. पुढच्या पिढीतील मोटारींत हायड्रॉलिक स्टिअरिंग आले आणि त्याच्यासोबत हा आवाजही आला. आज त्या गाड्या जुन्या झाल्या आहेत. इतिहासाचा अभ्यासक जसा पुरावे क्रमाने तपासतो, तसेच या आवाजाचेही निदान क्रमाने करावे लागते.

९/ पहिला पुरावा तेलाच्या डबीत. इंजिन बंद करून पातळी पाहावी. तेल कमी असेल तर ते कुठे गेले, हे शोधल्यावाचून नुसती भर घालणे व्यर्थ आहे. काळपट, जळकट वासाचे तेल जुने झालेले असते. फेसाळ किंवा दुधी दिसणाऱ्या तेलात बहुधा हवा मिसळलेली असते. चुकीच्या प्रकारचे तेलही आवाज करते. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच घालावे.

१०/ दुसरा पुरावा डबीपासून पंपाकडे जाणाऱ्या नळीत. या बाजूला दाब कमी असतो. त्यामुळे तिथली भेग तेल बाहेर टाकण्याऐवजी हवा आत ओढू शकते. जमिनीवर थेंब नाही, म्हणून गळती नाही, हे अनुमान म्हणूनच फसवे आहे. कडक झालेली नळी, सैल क्लिप आणि जुने रबरी ‘ओ-रिंग’ हे येथील नेहमीचे संशयित.

११/ तिसरा पुरावा डबीच्या तळाच्या जाळीत. ती गाळाने तुंबली की पंपाला तेल पुरत नाही आणि ‘डेअरिंग’च्या पंख्यापाशी घडले तेच येथे घडते. थंड सकाळी तेल घट्ट असते, तेव्हा आवाज मोठा असतो आणि गाडी तापल्यावर तो विरतो. तसे होत असेल, तर ओढीच्या बाजूला अडथळा आहे का, हे आधी पाहावे.

१२/ चौथा प्रश्न : आवाज खरोखर पंपाचाच आहे का? सैल बेल्ट कण्हत नाही, तो किंचाळतो. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारा, वळताना वाढणारा सूर पंपाकडे बोट दाखवतो. चाक टोकाला नेऊन धरल्यावर येणारी हलकी सळसळ मात्र दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हची असते आणि ती स्वाभाविक आहे. तसे फार वेळ धरू नये, तेल तापते.

१३/ नळी किंवा तेल बदलल्यावर आत अडकलेली हवा काढावी लागते. पुढची चाके जॅकवर उचलून, गाडी स्टँडवर सुरक्षित टेकवून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग सावकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत अनेकदा फिरवावे आणि डबीतील पातळी राखावी. बुडबुडे थांबले की मगच इंजिन सुरू करावे. पुष्कळदा कण्हणे येथेच थांबते.

१४/ हे सारे करूनही सूर कायम राहिला, तर पाती किंवा बेअरिंग झिजले असे मानावे. क्रम उलटा केला तर दुहेरी नुकसान होते : मूळ भेग तशीच ठेवून नवा पंप बसवला, तर तोही हवा ओढतो, तोही कण्हतो आणि अकाली झिजतो. दुर्लक्ष केले, तर एखाद्या वळणावर मदत अचानक संपते आणि जड चाक चालकाच्या हाती उरते.

१५/ १९८८ मध्ये सुझुकीच्या ‘सर्वो’ या छोट्या मोटारीत विजेच्या मोटरवर चालणारे स्टिअरिंग आले. त्यात तेल नाही, नळी नाही आणि इंजिनाची शक्ती सतत खाणारा पंपही नाही. इंधन वाचवणारी ही पद्धत आता सर्वत्र रूढ आहे. त्यामुळे कण्हणारा पंप रस्त्यावरून हळूहळू नाहीसा होईल. तोवर त्याची तक्रार नीट ऐकून घेतली, तर अनेक पंप भंगारात जाण्यापासून वाचतील.